खेळातला गडी आणि कामावरचा गडी : किशोरवयीन मैत्री व वाढण्याची नीती

१

मराठीतील 'गडी' हा शब्द दोन अगदी भिन्न संबंधांना सामावून घेतो. खेळात आपल्या बाजूने उभा राहतो तो गडी, आणि मजुरीवर कामाला लावला जातो तोही गडी. 'सवंगडी' आणि जात्यावरच्या ओव्यांतली 'गडणी' हे शब्द पहिल्या अर्थाच्या कुळातले, तर 'गडीमाणूस' हा दुसऱ्या. पहिल्या संबंधात बरोबरी गृहीत धरलेली असते. दुसऱ्याचा पायाच बरोबरीच्या अभावावर असतो. कोशात हे अर्थ शेजारी शेजारी नांदतात. आयुष्यात मात्र ते पुष्कळदा एकामागून एक येतात. चौदाव्या वर्षी जो खेळातला गडी असतो तो सतराव्या वर्षी कामावरचा गडी झालेला असतो, आणि त्याच्याबरोबर खेळलेला दुसरा मुलगा त्याच वर्षी महाविद्यालयात जात असतो. या दोघांच्या मैत्रीचे पुढे काय होते, हा प्रश्न वरवर पाहता समाजशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो नीतिशास्त्राचा आहे, आणि 'मोठे होण्या'ची कथा सांगणाऱ्या साहित्यप्रकाराचाही आहे.

प्रश्न असा मांडता येईल : किशोरवयात जुळलेल्या मैत्रीतून एक जण पुढे निघून गेला, तर मागे राहिलेल्याचे तो काही देणे लागतो काय? लागत असेल तर ते देणे कोणत्या स्वरूपाचे? आणि किशोरवयाचे चित्रण करणाऱ्या साहित्याने या देण्याची दखल घेतली आहे, की स्मरणरमणीयतेच्या आवरणाखाली ते झाकून टाकले आहे?

२

मैत्रीचा नैतिक विचार पाश्चात्त्य परंपरेत ॲरिस्टॉटलपासून सुरू होतो असे मानण्याचा प्रघात आहे. 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'चे आठवे आणि नववे ही दोन प्रकरणे त्याने मैत्रीला वाहिली आहेत. उपयुक्ततेवर आधारलेली, सुखावर आधारलेली आणि सद्गुणावर आधारलेली अशा मैत्रीच्या तीन कोटी तो कल्पितो. तरुणांची मैत्री त्याच्या मते दुसऱ्या कोटीतली. तरुण भावनेच्या आहारी जाऊन जगतात, त्यांची आवड वयाबरोबर बदलते, म्हणून त्यांची मैत्री जितक्या लवकर जुळते तितक्याच लवकर मोडते.

या वर्गीकरणापेक्षा नवव्या प्रकरणातील एक विवेचन प्रस्तुत प्रश्नाच्या अधिक जवळचे आहे. लहानपणाच्या दोन मित्रांपैकी एक बुद्धीने बालकच राहिला आणि दुसरा प्रौढ झाला, तर ते मित्र राहू शकतील काय, असे ॲरिस्टॉटल विचारतो. त्याचे उत्तर नकारार्थी आहे. ज्यांना एकाच गोष्टीत आनंद वा दुःख होत नाही त्यांचे सहजीवन संभवत नाही. मात्र पूर्वी कधी मैत्रीच नव्हती अशा रीतीने वागणेही त्याला योग्य वाटत नाही. जुन्या सलगीची आठवण ठेवावी आणि त्या आठवणीपोटी परक्यापेक्षा काहीसे अधिक द्यावे, असा त्याचा तोडगा आहे.

या युक्तिवादाचे एक गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. दोन मित्रांमधील अंतर सद्गुणाच्या किंवा बुद्धीच्या वाढीमुळे पडते असे येथे धरून चालले आहे. पण ते अंतर संधीमुळे पडले असेल तर? एकाच्या घरी दोन वर्षे थांबण्याची ऐपत होती आणि दुसऱ्याच्या घरी नव्हती, एवढ्याच कारणाने दोन वाटा फुटल्या असतील तर 'प्रौढ झालेला' आणि 'बालक राहिलेला' ही विभागणी टिकते काय? आणि ती टिकत नसेल, तर केवळ आठवण ठेवणे हे पुरेसे देणे ठरते काय?

भारतीय परंपरेत हाच प्रश्न तत्त्वचर्चेऐवजी आख्यानाच्या रूपाने येतो. महाभारताच्या आदिपर्वात द्रोण आणि द्रुपद बालपणी बरोबर खेळले आणि शिकले. राज्य मिळाल्यावर त्याचा उपभोग तुझाही असेल, असा शब्द द्रुपदाने दिला होता. पुढे दरिद्री द्रोण 'मित्र' या नात्याने दारी आला तेव्हा मैत्री समानांतच असते, काळ तिला झिजवतो, असे राजा झालेल्या द्रुपदाने त्याला सुनावले. त्याचा युक्तिवाद ॲरिस्टॉटलच्या युक्तिवादाहून फार दूर नाही. फक्त त्यात स्मरणाची सवलतही उरलेली नाही. सांदीपनींच्या आश्रमातील कृष्ण-सुदाम्याची कथा ही जणू या कथेची दुसरी बाजू. तेथे पुढे गेलेला मित्र न मागता देतो. परंतु ती कथाही शेवटी देणाऱ्याच्या औदार्याची कथा म्हणून सांगितली जाते. द्रोणाला अपमान मिळतो, सुदाम्याला कृपा मिळते. हक्क या दोघांपैकी कोणालाही मिळत नाही.

३

या प्रश्नाला आजच्या काळात ठोस भूमी हवी असेल तर ती वालीवसारख्या ठिकाणी शोधावी लागते. वसईच्या रेल्वेमार्गाच्या पूर्वेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या बाजूला असलेले हे एकेकाळचे शेतीचे गाव. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला; पण वालीवचे रूप पालटले ते प्रशासनाच्या या फेरबदलांपेक्षा औद्योगिक वसाहतींमुळे. लहान लहान गाळ्यांच्या रांगा, त्यांत चालणारी प्लास्टिकची, धातूची, पॅकिंगची कामे, आणि आजूबाजूच्या चाळींतून राहणारी उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, कोकण आणि मराठवाडा येथून आलेली कुटुंबे. त्यांच्या शेजारी मूळचे आगरी, कुणबी आणि आदिवासी रहिवासी. वसईच्या ज्या मराठी साहित्याशी वाचकांचा परिचय आहे ते मुख्यतः पश्चिमेकडील वाड्यांचे, चर्चच्या परिसराचे, सामवेदी आणि वाडवळी बोलींच्या मुलखाचे. पूर्वेकडच्या या पट्ट्याला त्या मानाने साहित्यात अद्याप फारशी जागा मिळालेली नाही.

अशा वस्तीतली किशोरवयीन मैत्री ही वारशाने येत नाही. गावातल्या मैत्रीला भावकीचा, जातीचा, वाडीचा आधार असतो. बाप ज्याच्याशी बोलतो त्याच्या मुलाशी मुलगा खेळतो. येथे एका चाळीत चार भाषांची घरे असतात. एकाच नळावर पाणी भरणारी मुले सकाळी मराठी, हिंदी, गुजराती किंवा इंग्रजी अशा निरनिराळ्या माध्यमांच्या शाळांत जातात आणि संध्याकाळी परत एकाच गल्लीत येतात. त्यांची आपापसांतली भाषा आईचीही नसते आणि शिक्षकांचीही नसते. हिंदी क्रियापदांवर मराठी नामे चढवून, दोन्हींत इंग्रजी मिसळून ती मुलांनीच घडवलेली असते. या भाषेत त्यांचा पहिला स्वतःचा नीतिसंकेत तयार होतो : कोणाचे नाव सरांना सांगायचे नाही, उधार घेतलेले केव्हा परत करायचे, कोणत्या थट्टेत बापाचे नाव आणायचे नाही. घरची नीती आज्ञेच्या रूपाने येते, शाळेची नियमाच्या रूपाने. ही तिसरी नीती मात्र बरोबरीच्या माणसांनी आपसात ठरवलेली असते. कुटुंब जन्माने लाभते आणि नोकरी कराराने. मैत्री हा माणसाच्या आयुष्यातला पहिला संबंध, जो त्याने स्वतः निवडलेला असतो आणि ज्याला कोणताही करार नसतो. या अर्थाने किशोरवयीन मैत्रीला केवळ 'सुखाची मैत्री' म्हणणे हे तिचे अवमूल्यन ठरते.

येथे 'कट्टी' आणि 'बट्टी' या बालपणीच्या संकेतांकडेही पाहायला हवे. लहान मुलांची मैत्री मोडते तेव्हा ती जाहीरपणे, बोटे जुळवून मोडते आणि तितक्याच जाहीरपणे पुन्हा जुळते. किशोरवयात हा विधी हळूहळू नाहीसा होतो. सोळाव्या-सतराव्या वर्षी कोणी कोणाशी कट्टी घेत नाही, फक्त भेटी कमी होतात. जी मैत्री मोडल्याचे कोणीच जाहीर केले नाही, तिचा हिशेबही कोणी करत नाही. किशोरवयीन मैत्रीच्या अंताला जी एक विशिष्ट मूकता असते तिचे मूळ येथे आहे.

४

ही मूकता केवळ वयाची नव्हे. तिला कायद्याचीही चौकट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा या वयोगटाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. बालमजुरीविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली तेव्हा चौदा वर्षांखालील मुलांना, कुटुंबाच्या व्यवसायासारखे काही अपवाद वगळता, कामावर ठेवण्यास पूर्ण बंदी करण्यात आली. चौदा ते अठरा या वयोगटाची 'किशोर' अशी वेगळी कोटी करून त्यांना केवळ धोकादायक कामांपुरते वर्ज्य ठरवण्यात आले. हे दोन कायदे एकत्र वाचले तर किशोरवयाचा एक विलक्षण नकाशा उमटतो. चौदाव्या वर्षापर्यंत राज्यसंस्था दोन मुलांना एका बाकावर बसवते. त्यानंतर त्यांपैकी एकाने उठून जाण्याला तिची हरकत राहत नाही. मैत्री ज्या वयात सर्वांत उत्कट असते, नेमक्या त्याच वयात बाक रिकामा होण्याची मुभा मिळते.

हाच नकाशा अमेरिकेतील लातिनो मुलांच्या बाबतीत वेगळ्या रेषांनी काढलेला दिसतो. १९८२ साली टेक्सासमधील एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांनाही सार्वजनिक शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही. त्यामुळे जन्माने नागरिक असलेला मुलगा आणि कागद नसलेला त्याचा मित्र बारावीपर्यंत एकाच वर्गात वाढू शकतात. परंतु शाळा संपताच त्या निर्णयाचे संरक्षणही संपते. वाहनपरवाना, नोकरी, महाविद्यालयाची मदत यांपैकी प्रत्येक ठिकाणी दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. मेक्सिकोहून टेक्सासला गेलेली कुटुंबे आणि गोरखपूरहून वालीवला आलेली कुटुंबे यांच्या परिस्थितीत पुष्कळ फरक आहेत. एकाला सीमेचा प्रश्न आहे, दुसऱ्याला मजुरीचा. पण रचना सारखी आहे : संस्था बरोबरी निर्माण करते, काही वर्षे ती जगू देते आणि मग ती काढून घेते. बरोबरीचा जो अनुभव एकदा आला तो मात्र काढून घेता येत नाही. प्रश्न निर्माण होतो तो या शिल्लक राहिलेल्या अनुभवातून.

५

मराठी कथात्म साहित्याने किशोरवय समर्थपणे हाताळले आहे, यात शंका नाही. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास' (१९९४) पासून सुरू होणाऱ्या कथांतील लंपन कन्नडच्या शेजारात वाढणाऱ्या मराठीत बोलतो आणि त्याच्या भाषेतूनच त्याचे जग उभे राहते. मिलिंद बोकीलांच्या 'शाळा' (२००४) मध्ये आणीबाणीच्या काळातील नववीतला मुकुंद जोशी आणि त्याचे मित्र यांच्या टोळीची भाषा, तिचे नियम आणि तिची निष्ठा यांचे सूक्ष्म चित्रण आहे. शाळेच्या अधिकृत नीतीला समांतर अशी मुलांची नीती कशी असते हे 'शाळा' इतक्या बारकाईने क्वचितच एखाद्या मराठी कादंबरीत आले असेल.

तथापि या साहित्याच्या रचनेतच एक मर्यादा दडलेली आहे. किशोरवयाची कथा बहुधा एका 'मी'ची कथा असते, आणि हा 'मी' म्हणजे जो पुढे गेला, ज्याला पुढे लिहिता आले तो. मित्र या कथेत येतो तो त्या 'मी'च्या घडणीतला एक टप्पा म्हणून. तो निघून गेला की वाचकाला हळहळ वाटते. परंतु त्याच्या पुढच्या आयुष्याला कथेत जागा नसते. जे दुरावते ते रम्य होते, आणि जे रम्य होते त्याचा जाब विचारला जात नाही. ॲरिस्टॉटलने जेथे तोडगा संपवला त्या स्मरणाच्या बिंदूवरच हा साहित्यप्रकारही थांबतो, असे म्हणता येईल. 'कोसला' (१९६३) मधला पांडुरंग सांगवीकर गावी परततो खरा, पण तो परततो पराभूत होऊन. गावात राहिलेल्यांशी असलेल्या देण्यापोटी नव्हे.

या दृष्टीने दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) ची रचना महत्त्वाची ठरते. तेथे दगडू मारुती पवार आपली हकिकत दया पवार या लेखकाला सांगतो. माणूस एकच, पण पुढे गेलेला आणि मागे राहिलेला असे त्याचे दोन भाग समोरासमोर बसवले आहेत. सुशिक्षित झालेला भाग आपल्याच दुसऱ्या भागाला ऐकून घेण्यास बांधलेला आहे. ही योजना निवेदनतंत्रापुरती नाही. मागे राहिलेल्याला केवळ आठवणीचा विषय न करता बोलणारा करणे, ही तिच्यामागची नैतिक भूमिका आहे.

लातिनो साहित्यातील दोन ग्रंथांची तुलना येथे उपकारक ठरेल. रिचर्ड रॉड्रिग्ज यांच्या 'हंगर ऑफ मेमरी' (१९८२) या आत्मपर ग्रंथात शिक्षणामुळे घरच्या स्पॅनिश जगापासून पडलेला दुरावा हा सार्वजनिक जीवनात प्रवेश करण्याची अटळ किंमत मानला आहे. दुःख कबूल केलेले आहे, पण ते अनिवार्य म्हणून स्वीकारलेलेही आहे. सँड्रा सिस्नेरोस यांच्या 'द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट' (१९८४) ची दिशा वेगळी. शिकागोतील एका गल्लीत वाढणारी एस्पेरान्सा लूसी आणि रेचल या बहिणींबरोबर पैसे गोळा करून सामाईक सायकल घेते. मैत्रीची सुरुवातच येथे वर्गणीतून होते. पुढे सॅली या मैत्रिणीला ती वाचवू शकत नाही. सॅली शाळेच्या वयातच लग्न करून एका घरातून दुसऱ्या घराच्या कोंडीत जाते. आणि अखेरीस, गल्लीतून बाहेर पडण्याचे स्वप्न पाहणाऱ्या एस्पेरान्साला तीन वृद्ध स्त्रिया बजावतात की, जिला बाहेर जाता येते तिने जे बाहेर जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी परत यायचे असते. रॉड्रिग्ज यांच्या लेखी जी किंमत चुकती झालेली आहे, ती सिस्नेरोस यांच्या लेखी अजून बाकी आहे.

सॅलीच्या प्रसंगातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. मुलींच्या मैत्रीचा अंत मुलांच्या मैत्रीपेक्षा वेगळ्या रीतीने होतो. मुलग्यांना गाळा वेगळा करतो, मुलींना पुष्कळदा लग्न. सासरी गेलेल्या स्त्रीची 'गडणी' ओव्यांतून टिकून राहिली, कारण त्या मौखिक परंपरेत दूर गेलेलीच सखीला आठवत होती आणि दोघींच्याही हाती जातेच होते. लिखित कादंबरीत मात्र दोघांपैकी एकाच्याच हाती लेखणी असते.

६

देण्याचे स्वरूप आता निश्चित करता येईल. भारतीय परंपरेत माणूस ऋणे घेऊनच जन्माला येतो असे मानले आहे. तैत्तिरीय संहितेत ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे येतात. शतपथ ब्राह्मणात त्यांना चौथे जोडले आहे : मनुष्यांचे ऋण, जे माणसांना आसरा आणि अन्न देऊन फेडायचे असते. पुढील काळात रूढ झाली ती ऋणत्रयाची कल्पना. चौथे ऋण बाजूला पडले. पहिली तिन्ही ऋणे आपल्यापेक्षा वरच्यांची वा आधीच्यांची आहेत. बरोबरीच्या माणसाचे ऋण सामावून घेऊ शकणारी कोटी ही एकच होती. मित्राच्या ऋणाचा विचार करायचा तर तो या विस्मृत चौथ्या कोटीतच करावा लागेल.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. मैत्रीत ऋणाची भाषा आणली की मैत्रीच संपते. कर्णाला अंगदेशाचे राज्य देऊन त्याच्या मोबदल्यात दुर्योधनाने केवळ मैत्री मागितली. आणि त्या मैत्रीनेच कर्णाचा विवेक आयुष्यभर बांधून ठेवला. ऋण फेडण्याच्या भरात तो अन्यायाचा साथीदार झाला. आक्षेपात तथ्य आहे. परंतु कर्णाचे ऋण हे वरच्याने खालच्याला केलेल्या उपकाराचे ऋण होते. येथे अभिप्रेत असलेले ऋण उपकारातून उद्भवत नाही. वालीवच्या चाळीतील दोन मुले कल्पावीत : दहावीपर्यंत दोघांनी एकाच दिव्याखाली अभ्यास केला, एकाच पुस्तकाच्या दोन बाजूंना बसून वाचले. एक अकरावीला गेला, दुसरा गाळ्यात हेल्पर म्हणून लागला. पहिल्याच्या यशात दुसऱ्याचा वाटा आहे, पण तो उपकार म्हणून दिलेला नव्हता. सायकलसारखी ती सामाईक मालमत्ता होती. म्हणून पुढे गेलेल्याचे देणे दानाचे असू शकत नाही. आपले यश संपूर्णपणे स्वतःच्या गुणाचे आहे, असे न म्हणण्याचे ते देणे आहे. आणि मित्र मागे राहिला तो कमी पडला म्हणून, हे समाजाचे सोयीस्कर स्पष्टीकरण प्रसंगी खोटे ठरवण्याचे आहे. त्याला साक्षीचे ऋण म्हणता येईल. सुदाम्याला संपत्ती मिळाली, पण अशी साक्ष द्रोणाला मिळाली नाही आणि सुदाम्यालाही नाही.

७

एवढ्यावर विवेचन थांबवले तर ते पुढे गेलेल्याच्याच बाजूचे ठरेल, कारण 'मागे राहिलेला' हा शब्दही त्याचाच आहे. गाळ्यात लागलेल्या मुलाच्या दृष्टीने पाहिले तर चित्र उलटते. 'कंपनीत जातो' असे म्हणणारा सतरा वर्षांचा मुलगा घरात पगार आणतो, बहिणीच्या फीचा विचार करतो, सुपरवायझरशी वागायचे कसे ते शिकतो, यंत्रापाशी हात जपतो. त्याच वयाचा त्याचा मित्र अजून घरी खर्चाला पैसे मागत असतो. येथे प्रौढ कोण आणि बालक कोण? ॲरिस्टॉटलच्या प्रश्नातील दोन मित्रांपैकी वाढ खुंटलेला कोणता, हे ठरवायचे माप कोणाचे? वाढण्याची घड्याळे दोन असतात. एक शिक्षणाचे, जे उशिरा वाजते आणि लांबवर नेते; दुसरे मजुरीचे, जे लवकर वाजते आणि पुढचे अंतर कापून टाकते. दुसऱ्या घड्याळाचा गौरव करणे ही फसवणूक ठरेल, कारण त्या प्रौढत्वाची सक्ती झालेली असते. पण ते प्रौढत्वच नव्हे असे मानणे ही त्याहून मोठी चूक आहे. पुढे गेलेला मित्र साक्ष देऊ लागतो तेव्हा त्याला हेही सांगावे लागते की, काही बाबतींत तोच मागे होता.

एका 'मी'च्या कथेत ही दोन घड्याळे एकाच वेळी चालवणे कठीण असते. 'बलुतं'ने एका माणसाला दोन आवाज देऊन त्याची एक वाट दाखवली. दोन माणसांना दोन आवाज देणारी, शाळेत गेलेल्याने आणि गाळ्यात गेलेल्याने एकमेकांना दुरुस्त करत सांगितलेली किशोरवयाची कथा मराठीत कशी असेल, याची कल्पना करणे समीक्षेच्या अधिकारात येते. ती लिहिणे येत नाही. ती लिहिली जाईल तेव्हा तिची भाषा बहुधा चाळीतल्या मुलांनी घडवलेली ती तिसरी भाषा असेल, कारण दोघांच्या बरोबरीची भाषा तेवढीच होती. तोवर किशोरवयाची कोणतीही रम्य कथा वाचताना एक प्रश्न जवळ बाळगणे उचित ठरेल : हिच्यातला गडी पुढे कोणत्या अर्थाने गडी झाला, आणि त्याची हकिकत सांगण्याचा अधिकार कथेने कोणाकडे ठेवला?